मदत हवी आहे: दोन शहरांतलं हवाई अंतर आणि विमानाचा वेळ एक्सेलमध्ये कसा काढायचा?

कृष्णाकाठ (सांगली)
ट्रॅव्हल ऑफिससाठी तक्ता करतोय. अक्षांश-रेखांश टाकले की अंतर आणि अंदाजे वेळ यावा. पुणे विमानतळ 18.582, 73.920 आणि दिल्ली 28.556, 77.100 घेतलंय. सूत्र तीनदा तपासलं, तरी उत्तर अडीचशे किमीच्या घरात! मुंबई-दुबईचा वेळही तिकिटाशी जुळत नाही.

मिरजेचा_गणिती
अंश तसेच दिलेत तुम्ही. एक्सेलचे साइन-कोसाइन आकडा रेडियनमध्येच (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे असं धरतात. प्रत्येक अंश आधी रेडियन्स फंक्शनमध्ये घाला. मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार मिळवा. बेरजेचा एकॉस (ACOS, म्हणजे कोसाइनवरून उलट कोन) घेऊन 6371 ने गुणा (पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किमीमध्ये). पुणे-दिल्ली 1155 यायला हवं.

आणखी एक. 18 अंश 34 मिनिटं 56 सेकंद म्हणजे 18.3456 नव्हे. मिनिटांना 60 ने, सेकंदांना 3600 ने भागून मिळवायचं, तेव्हा 18.582 येतं. नाहीतर तिथेच 26 किमीची चूक. लंडनसारख्या ठिकाणी पश्चिम रेखांश उणे घ्या.

पेठनाका
मग 1155 भागिले ताशी 850 किमी, एक तास बावीस मिनिटं. वेळापत्रकात तर दोन तासांच्या वर असतात?

घाटमाथा (सातारा)
850 हा वर पोचल्यावरचा वेग, तोही जरा सढळ. एअरबस 320 ला 830 धरा. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण सगळं त्यात. लोहगाव (पुण्याचं विमानतळ) हवाई दलाचा तळ, तिथे थांबावंही लागतं. विमान नकाशावरच्या रेघेवरून जात नाही, म्हणून अंतरात 5 टक्के वाढवा: 1213 भागिले 830 म्हणजे 1 तास 28 मिनिटं, अधिक 35 मिनिटं. झाले 2 तास 3 मिनिटं. कंपन्या त्यावर थोडी सवड ठेवतात.

कोल्हापूर-हैदराबादला हे चालणार नाही. 445 किमी आहे, पण एटीआर (पंख्याचं छोटं विमान) असेल तर वेग 500 च्या आसपास. 467 भागिले 500 म्हणजे 56 मिनिटं, अधिक 25. तक्त्यात विमानाच्या प्रकाराचा रकाना हवाच.

दुबईचं कोडं वेगळं. तिकिटावर दोन्हीकडचा स्थानिक वेळ असतो. 4:00 ला निघून 5:40 ला पोचलं तर प्रवास 1:40 चा नाही; दुबई दीड तास मागे, म्हणून 3:10. अंतर 1926, वरच्या हिशोबाने 3:01 येतं. बाकी वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरात वाहतो, त्यामुळे जाताना जास्त आणि येताना कमी लागतं. जाण्या-येण्याला एकच आकडा देऊ नका.

लंडनला फरक 5:30, पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत 4:30. हा तारखेवरून ठरवायचा.

कृष्णाकाठ
1155 आलं! सांगलीहून निघायची वेळही त्यातच देऊ का?

पेठनाका
द्या, पण सूत्राने नको, हाताने भरा. सांगली ते लोहगाव साडेचार-पाच तास, रविवारी संध्याकाळी खंबाटकी आणि कात्रजसाठी वर एक तास. काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं, त्यामुळे मागे मोजताना सुटायच्या वेळेपासून दोन तास वजा करूनच सुरुवात करा.