विंडोज ९५: आवाज अडकतो आणि छपाई सुरू केली की नेटवर्क तुटते

जुनाखोका:
माझ्याकडे १९९६च्या सुमाराचा पेंटियम १३३ संगणक असून त्यावर विंडोज ९५ आहे. त्यातले प्लग अँड प्ले साउंड ब्लास्टर १६ कार्ड आजवर व्यवस्थित चालत होते. गेल्या महिन्यात जुन्या बाजारातून एनई२००० या नेहमीच्या नमुन्याशी सुसंगत असे, जंपरचे (म्हणजे आकडे कार्डावरच्या छोट्या टोप्या हलवून ठरवायचे) आणि आयएसए या जुन्या स्लॉटात बसणारे लॅन कार्ड आणले आणि मिळाले त्याच स्थितीत, म्हणजे आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची ओळ) ५ आणि पोर्टचा (प्रोसेसर कार्डाशी बोलतो त्या जागेचा) पत्ता ३६०, असे बसवले. तेव्हापासून डॉसमधला खेळ लावला की आवाजाचा एकच तुकडा अडकलेल्या तबकडीसारखा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि पॅरलल पोर्टवरच्या प्रिंटरला एखादे पान पाठवले की नेटवर्क तुटते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डावर पिवळे उद्गारचिन्ह होते, म्हणून मी तेथे आयआरक्यू १० केला. चिन्ह गेले, पण आवाज तसाच अडकतो आणि नेटवर्क तर आता मुळीच लागत नाही. कार्डच खराब निघाले असे समजावे काय?

जंपरकाका:
कार्ड चांगले असावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आपण १० हा आकडा घातलात, पण कार्डाला त्यातले काहीही कळलेले नाही; जंपरच्या कार्डाबाबत विंडोजची ती नोंद म्हणजे केवळ कागदावरचा फेरफार असतो. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि कब्जा दुसऱ्याचा, अशातला हा प्रकार आहे. ड्रायव्हर १० क्रमांकाच्या ओळीवर कान लावून बसला आहे आणि कार्ड मात्र जंपर सांगतो त्याप्रमाणे ५ वरूनच हाका मारते आहे.

आवाजाचे म्हणाल तर साउंड कार्डापर्यंत आवाजाचा डेटा प्रोसेसरला मध्ये न घेता डीएमएमार्फत थेट मेमरीतून पोचतो, आणि एक तुकडा वाजवून झाला की कार्ड आयआरक्यूच्या ओळीवरून पुढचा मागते. ती मागणी पोचली नाही तर खेळ बफरमध्ये, म्हणजे आवाजासाठी राखलेल्या मेमरीच्या तुकड्यात, नवे काही भरत नाही, डीएमए मात्र त्याच बफरवर फिरत राहतो, आणि आपल्याला अडकलेली तबकडी ऐकू येते. मागणी न पोचण्याचे कारण असे की आयएसए बसवर ही ओळ खालून वर जाते त्या क्षणाचीच इंटरप्ट कंट्रोलर (या हाका ऐकून प्रोसेसरला कळवणारी चिप) दखल घेतो, आणि प्रत्येक कार्ड आपली ओळ स्वतःच्या जोरावर वर किंवा खाली धरून ठेवते. त्यामुळे लॅन कार्डाने खाली दाबून धरलेली ५ क्रमांकाची ओळ, जी साउंड कार्डही वापरते आहे, त्याला धडपणे वर उचलता येत नाही. पीसीआय या नव्या बसवरची कार्डे एक ओळ वाटून घेऊ शकतात, कारण तेथे क्षण न पाहता ओळीची पातळी पाहिली जाते.

छपाईचा घोटाळा याहून मजेदार आहे. एनई२००० कार्डाला ३२ पोर्ट लागतात, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायाने मोजताना) ३६० पासून सुरू झालेले कार्ड थेट ३७एफपर्यंत पसरते, आणि प्रिंटरचा पोर्ट ३७८ वर असतो. त्यातही कार्डाच्या शेवटच्या आठ पोर्टांपैकी कोणताही वाचला की कार्ड रीसेट होते. छपाई करताना ड्रायव्हर प्रिंटर मोकळा आहे की नाही हे पाहण्यासाठी ३७९ पुन्हा पुन्हा वाचतो, आणि प्रत्येक वाचनागणिक आपले लॅन कार्ड नव्याने जन्म घेते!

जंपर ३०० आणि १० वर न्यावेत. ३२० निवडू नये, कारण तो पट्टा ३३एफपर्यंत जातो आणि साउंड ब्लास्टरचा मिडी पोर्ट बहुधा ३३० वर असतो.

टर्बोबटण:
काकांशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. सीडी ड्राइव्ह सेकंडरी आयडीईवर (डिस्क जोडायच्या दुसऱ्या जोडणीवर) असेल तर तिचा ३७६ हा पत्ताही ३६०च्या पट्ट्यातच येतो, त्यामुळे तिनेही अधूनमधून त्रास दिला असल्यास नवल नाही.

जुनाखोका:
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सीडी ड्राइव्ह खरोखरच कधी कधी दिसेनाशी होत असे, आणि मी केबलला दोष देत होतो. आज दोन्ही जंपर हलवले व विंडोजमध्येही तेच आकडे भरले. आवाज आणि छपाई पूर्ववत झाली, पण नेटवर्क अजूनही लागत नाही. संगणक सुरू होताना बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) जो तक्ता दाखवतो, त्यात पीसीआय डिस्प्ले कार्डापुढे १० लिहिलेले दिसते.

टर्बोबटण:
मग उत्तर त्या तक्त्यातच आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत ८२५९ हा इंटरप्ट कंट्रोलर एकच होता आणि ओळी आठ होत्या. १९८४च्या एटीमध्ये दुसरा आला, परंतु त्याला जोडण्यात पहिल्याची २ क्रमांकाची ओळ खर्ची पडल्यामुळे हातात पंधराच उरल्या, आणि टायमर, कीबोर्ड, सीरियल पोर्ट, फ्लॉपी, घड्याळ, कोप्रोसेसर व दोन आयडीई यांनी आपापला वाटा घेतल्यावर जे थोडे उरते त्यावर सगळ्यांचा डोळा असतो. प्लग अँड प्ले कार्डे विचारणा झाल्यावर स्वतःची ओळख सांगतात. जंपरचे कार्ड त्या हजेरीला गप्प बसते, त्यामुळे बायोसच्या लेखी १० ही ओळ रिकामीच होती आणि त्याने ती डिस्प्ले कार्डाला देऊन टाकली.

बायोस सेटअपमध्ये ‘पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन’ या पानावर वाटपाची पद्धत ऑटो असेल तर ती मॅन्युअल करावी आणि आयआरक्यू १० पुढे ‘लेगसी आयएसए’ निवडावे, म्हणजे ती ओळ जंपरच्या कार्डासाठी राखून ठेवली जाते. बाहेर पडण्यापूर्वी त्याच पानावरचे ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ एकदा चालू करावे, नाहीतर बायोस मागचे वाटप आठवून तेच पुन्हा करण्याचा संभव असतो.

जुनाखोका:
तसे केले. तक्त्यात डिस्प्ले कार्ड आता ११ वर गेले आहे आणि नेटवर्क लागले. खेळ चालू असतानाच एक पान छापून पाहिले. आवाज कोठेही अडकला नाही.

जंपरकाका:
छान झाले. आता ते दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.