बायझंटाईन कला शिकायला भाचीला परदेशी पाठवावं का? माझं मत: हो, पाठवावं

निळी शाई (धागा काढणारी):
माझी भाची पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. करते आहे. पुढे तिला ब्रिटनमध्ये बायझंटाईन कला, शहरं आणि भौतिक संस्कृती (म्हणजे लोकांच्या वापरातल्या वस्तू) शिकायची आहे. घरात सगळ्यांचा विरोध आहे, मी तिच्या बाजूने आहे. का, ते सांगते.

बायझंटाईन साम्राज्य म्हणजे रोमन साम्राज्याचा पूर्वेकडे टिकून राहिलेला भाग. आपल्या शाळेच्या पुस्तकात ते एका वाक्यात येतं: १४५३ मध्ये तुर्कांनी त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकली आणि व्यापाराचे मार्ग बंद झाले. त्याआधीची अकराशे वर्षं गायब. ३३० साली वसवलेल्या त्या राजधानीतले लोक स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत होते. ‘बायझंटाईन’ हे नाव साम्राज्य बुडाल्यावर, सोळाव्या शतकात एका जर्मन पंडिताने रूढ केलं, हेही मला भाचीकडूनच कळलं.

एका संध्याकाळी तिने मला इटलीतल्या राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधल्या मोझेकचे, म्हणजे भिंतीत छोटे रंगीत तुकडे बसवून केलेल्या चित्रांचे, फोटो दाखवले. चर्च ५४७ सालचं. सम्राज्ञी थिओडोरा उभी आहे, आणि तिच्या झग्याच्या काठावर, अगदी खाली, बाळ येशूसाठी नजराणे घेऊन निघालेल्या तीन ज्ञानी पुरुषांची लहानशी आकृती विणलेली दाखवली आहे. मी तर राणीचा चेहराच बघत होते. भाची म्हणाली, “मावशी, काठ बघ.” मग तिने सोन्याचे तुकडे समजावले. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख. हे तुकडे भिंतीत सपाट न बसवता थोडे तिरपे बसवत, म्हणजे दिव्याची ज्योत हलली की भिंत हलल्यासारखी दिसते. ही काच कुठून आली, कोणी ओतली, कारागीर कुठले होते, हाच तिचा विषय. इतक्या बारकाईने बघायला शिकवणाऱ्या शिक्षणाला मी वाया म्हणू शकत नाही.

घाटमाथा:
ताई, तुमच्या भाचीची नजर चांगली आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. माझा विरोध आहे.

पहिली गोष्ट भाषेची. प्राचीन ग्रीक हवी, लॅटिन हवी, संशोधन वाचायला जर्मन आणि फ्रेंच, तुर्कस्तानात काम करायचं तर तुर्की. ग्रीसमधली मुलं प्राचीन ग्रीक शाळेत शिकतात, इटलीतही तशा शाळा आहेत. आपली मुलगी बाविसाव्या वर्षी वर्णमालेपासून सुरू करणार आणि पीएचडीच्या मोजक्या जागांसाठी त्यांच्याशी स्पर्धा करणार. ब्रिटनचं एम.ए. एका वर्षाचं असतं. त्या वर्षात भाषा होत नाही, कर्ज मात्र होतं. मी स्वतः शिक्षणाचं कर्ज नऊ वर्षं फेडलं आहे. त्या हप्त्यांपायी काय काय पुढे ढकलावं लागतं ते मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागणारी. आपल्याकडे मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) न वाचलेले पडून आहेत. वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तुमच्या भाचीसारखी मुलगी तिकडे गेली की इकडचं एक माणूस कमी झालं.

खापर:
घाटमाथा, मोडीबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याला उत्तर द्यायचं आहे, कारण हे माझं रोजचं काम आहे. मी एका संग्रहालयाच्या गोदामात खापरांच्या नोंदी करते.

पश्चिम भारतातल्या उत्खननांत सापडलेली कितीतरी खापरं अनेक वर्षं ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदलेली होती. अँफोरा म्हणजे दोन कानांचा दारूचा किंवा तेलाचा उंच घडा. पुढे भूमध्य समुद्राकडची मातीची भांडी ओळखणाऱ्या तज्ज्ञांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा त्यातली बरीचशी इराकच्या बाजूच्या टॉर्पेडो घड्यांची निघाली. या घड्यांना कान नसतात, बूड निमुळतं आणि आतून नैसर्गिक डांबराचा काळा लेप. अँफोऱ्यालाही आतून काळपट राळ लावलेली असते. हातात येतो तो तळव्याएवढा तुकडा, त्यावर कान होता की नव्हता हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी मातीचा पोत आणि लेपच बघावा लागतो. सायप्रस आणि किलिकियाच्या (तुर्कस्तानचा दक्षिण किनारा) बायझंटाईन घड्यांच्या अंगावर आडव्या वळ्या असतात, त्या एकदा बोटाला माहीत झाल्या की विसरत नाहीत. पण ते घडे शेकड्यांनी हाताळायला मिळतात तिकडे, इथे नाही.

घाटमाथा:
उदाहरण पटलं, पण ते माझ्याच बाजूचं आहे. घडे इराकचे निघाले ना? मग तिने ससानी इराण (इस्लामपूर्व इराणी साम्राज्य) किंवा हिंदी महासागराचा व्यापार शिकावा. बायझंटाईन कशाला?

खापर:
इराकचे निघाले हे ठरवायला बायझंटाईन कसे नाहीत हे आधी ठाऊक असावं लागतं. आणि त्यांचा माल इथे आलाच नाही असंही नाही. कर्नाटक-आंध्रात त्यांची सोन्याची नाणी सापडली आहेत, साधारण साडेचार ग्रॅमचं सॉलिडस. काहींना वरच्या बाजूला एकमेकांशेजारी दोन भोकं पाडलेली आहेत, गळ्यात घालायला. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ बंदराबद्दल लिहितो, तिथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं सांगतो. बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. ज्या शतकात घारापुरीची लेणी कोरली गेली, त्याच शतकातली ही गोष्ट. या टोकाला बसून ते टोक शिकणारं कोणी नको का?

पाणवठा:
मी ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत राहतो, विषय माझा नाही, पण शहरांबद्दल दोन ओळी. इथल्या मेट्रोच्या खड्ड्यात बायझंटाईन काळातला संगमरवरी रस्ता आणि चौक लागला. तो जागीच ठेवायचा की उचलून परत बसवायचा यावर वर्षानुवर्षं भांडण झालं. शेवटी उचलला, परत बसवला, आणि मेट्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. इस्तंबूलला येनीकापीत मेट्रो-रेल्वेच्या कामात जुनं बंदर लागलं, ३७ जहाजांच्या अवशेषांसकट. हा विषय शिकलेले लोक अशा खड्ड्यांत उभे असतात, रोज ठेकेदाराशी वाद घालत. पुण्यात स्वारगेटला मेट्रोच्या कामात जुना पाण्याचा भुयारी मार्ग लागला होता, आठवत असेल. हे कौशल्य परत आणता येतं.

घाटमाथा:
परत आणता येतं, पण परत आल्यावर त्याला पगार कोण देतं, हे कोणीच लिहिलेलं नाही.

निळी शाई:
खरंय, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमचा पहिला प्रतिसाद मी भाचीला वाचून दाखवला. भाषेच्या मुद्द्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, हे वर्ष इथेच राहून ग्रीक करते, अर्ज पुढच्या वर्षी. शिकवणीचे पैसे मी देणार आहे. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर काय, यावर घरात अजून बोलणं व्हायचं आहे.

घाटमाथा:
थांबते आहे ते चांगलं. माझं मत मात्र तेच आहे: शिष्यवृत्ती मिळाली तर जावं, कर्ज काढून जाऊ नये.