शोषखड्डा खणताना पाइप लागला, एम-सील लावून बुजवू का? लवकर सांगा

मंजिरी_अंगण
मंडळी, घाईत लिहितेय. बंगल्याच्या पुढच्या अंगणात पावसाच्या पाण्यासाठी शोषखड्डा घेतोय. पहार मारताना मध्येच पाइप लागला, थोडा खरवडला गेलाय. आमच्या बांधकामाच्या नकाशात तिथे काहीच दाखवलेलं नाही. मुकादम म्हणतो, एम-सील लावू, माती लोटू आणि खड्डा दोन फूट बाजूला घेऊ. जेसीबी दारात उभा आहे, तासाचं भाडं चालू आहे. एम-सील टिकेल का, की दुसरं काही लावायचं?

फणसाचा_गरा
कसला पाइप? लोखंडी की प्लॅस्टिक? रंग कोणता, किती खोल, गाव कुठलं? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

निवृत्त_ओव्हरसियर
एम-सील तात्पुरतं. खरवडलेला तुकडा कापा, दोन्ही टोकांना सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) लावा आणि कपलर (जोडणीचा तुकडा) बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी वसाहतीच्या वसाहती अशा जोडल्या आहेत. पाणी मात्र आधी मेन व्हॉल्व्हला बंद करा.

मंजिरी_अंगण
पुणे, बाणेर. प्लॅस्टिकचा, नारिंगी, अंगठ्यापेक्षा जरा जाड. अडीच-तीन फुटांवर. पाणी येत नाहीये, म्हणजे रिकामाच असणार. मग कापून टाकला तर काय बिघडलं?

जर्सीकर
नारिंगी म्हणजे इंटरनेट किंवा टेलिफोन. इकडे अमेरिकेत रंग ठरलेले आहेत. लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी दूरसंचार, निळा पिण्याचं पाणी, हिरवा मैला. अंगणात झाड लावायचं असलं तरी आधी ८११ ला फोन करायचा. २००७ पासून देशभर हा एकच नंबर आहे. ते येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारतात, छोटी निशाणं रोवतात, आपल्याला एक पैसा पडत नाही. तुमची फार तर फायबर तुटेल, घाबरू नका.

वाहिनीवाला
ताई, कापू नका. एम-सील नको, माती लोटणं नको, जेसीबी चालूही करू नका. सगळ्यांना खड्ड्यातून वर काढा आणि लांब उभं करा. मी शहरी गॅसच्या लाइनवर देखभालीचं काम करतो. जर्सीकर सांगतात ते रंग तिकडे जमिनीवर खुणा करायचे आहेत. आपल्याकडे जमिनीखालची गॅसची एमडीपीई, म्हणजे पॉलिइथिलीन प्लॅस्टिकची, नळी पिवळी असते, नारिंगीही असते. आणि इंटरनेटची फायबर केबल ज्या नळीतून नेतात तो डक्टही नारिंगी असतो. नुसत्या रंगावरून ठरवायचं नाही. वास येतोय का? सुस्कारा किंवा फुरफुर ऐकू येते का? घरात पाइपचा गॅस आहे का?

मंजिरी_अंगण
आमच्याकडे सिलिंडर आहे, त्यामुळे गॅसचा प्रश्नच येत नाही. वास नाही, आवाज नाही. मला फक्त सांगा, नळी कशाने बंद करायची.

वाहिनीवाला
मागच्या किंवा शेजारच्या बंगल्यात?

मंजिरी_अंगण
मागच्या बंगल्यात आहे. त्यांचं पिवळं मीटर आमच्या कुंपणाला लागूनच आहे. ते कशाला सांगायचं?

वाहिनीवाला
म्हणून तर विचारलं. त्यांची जोडणी तुमच्या अंगणातून गेली असण्याची शक्यता मोठी आहे. वास नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. गॅस मातीतून झिरपताना वासाचं द्रव्य माती शोषून घेते. हा नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. खड्डा उघडा असेल तर वर निघून जातो. तुम्ही माती लोटली तर तो नळीच्या चरातून सरकत जोत्याखाली आणि ड्रेनेजमध्ये शिरतो, आणि मग कुणाच्या तरी स्वयंपाकघरात साठतो. बुजवायचं नाही ते यासाठी.

निवृत्त_ओव्हरसियर
उगाच भीती घालू नका. वास नाही, आवाज नाही, म्हणजे भोक नाही. ओरखड्यावर घट्ट पट्टी गुंडाळली तरी चालतं.

वाहिनीवाला
साहेब, पीव्हीसीचा अनुभव इथे लावू नका. पॉलिइथिलीनला ना सॉल्व्हंट धरतं, ना एम-सीलसारखं एपॉक्सी. या लाइनीत ४ बारपर्यंत (म्हणजे ४००० मिलिबार) दाब असतो आणि शेगडीला तो २१ मिलिबार करून देतात, यावरून अंदाज घ्या. ३२ मिमी नळीची भिंत जेमतेम ३ मिमी. ओरखडा भिंतीच्या एक दशांशाहून खोल गेला की तेवढा तुकडा बदलायचा, असा आमच्याकडे दंडक आहे. म्हणजे नखाच्या जाडीएवढा ओरखडासुद्धा पुरे. आज गळत नसेल, पण चीर नंतर वाढते आणि तेव्हा वर तुमची फरशी असते.

कोल्हापुरी_वायरमन
ताई, नशीब की केबल नव्हती. विजेची केबल बहुधा वाळूत टाकतात आणि वर विटा मांडतात. खणताना आडवी विटांची ओळ किंवा लाल पट्टी दिसली की तिथेच हात थांबवायचा. आमच्या गल्लीत एकाची पहार केबलच्या आर्मरमधून (वरच्या धातूच्या कवचातून) आत गेली होती. माणूस वाचला, हात भाजला. विजेचं काही दिसलं तर १९१२ ला फोन करा, विजेच्या तक्रारीचा नंबर आहे. आणि खांबाजवळ जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी लागली तर ती भंगार समजून ओढू नका, ते अर्थिंग असतं.

मंजिरी_अंगण
मला केबलचं नको आहे हो. पाइपचं सांगा. जेसीबीवाला निघायचं म्हणतोय.

फणसाचा_गरा
१९०६ ला फोन करा, गॅसगळतीचा नंबर आहे.

वाहिनीवाला
१९०६ सिलिंडरच्या गॅससाठी. पाइपच्या गॅसला ज्या त्या कंपनीचा आपत्कालीन नंबर असतो, बिलावर आणि बहुतेक वेळा मीटरजवळ छापलेला. मागच्यांकडून घ्या. फोन खड्ड्याजवळ उभं राहून नाही, रस्त्यावर जाऊन करा. आणि ताई, पाइपचा फोटो आधी काढला असेल तर मोठा करून बघा. अंगावर छापलेलं असतं. नव्याने काढायला खाली उतरू नका.

मंजिरी_अंगण
सकाळी मुकादमाने मला फोटो पाठवला होता. काळी अक्षरं आहेत, अर्धी मातीत. "आयएस १४८८५", पुढे "पीई १००", "एसडीआर ११", "३२".

वाहिनीवाला
१४८८५ म्हणजे गॅसच्या पॉलिइथिलीन नळीचं भारतीय मानक. ठरलं. आता इथे लिहू नका, फोन लावा. जेसीबीला जाऊ द्या, पण इंजिन तिथेच चालू करू नका. ढकलत रस्त्यापर्यंत नेता येत नसेल तर कंपनीची माणसं येईपर्यंत उभा राहू दे. भाडं जाईल तर जाऊ दे.

जर्सीकर
माझा नारिंगीचा सल्ला मागे घेतो. पण असा एक नंबर आपल्याकडे का नाही? इथेसुद्धा ८११ वाले मीटरपर्यंतच खुणा करतात, त्यापुढची खासगी लाइन मालकाने बघायची. तरीही कितीतरी वाचतं.

डेक्कनचा_संगणकवाला
आहे की. 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप, २२ मार्च २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. खोदणारा आणि जमिनीखालच्या वाहिन्यांचा मालक यांची गाठ घालून देतं. मुख्य रोख रस्ते खणणाऱ्या एजन्सींवर आहे. आपल्यासारख्यांनी निदान शेजारपाजारी विचारावं, मीटरकडे जाणाऱ्या उभ्या नळ्या बघाव्यात आणि गॅस कंपनीला कळवावं.

पाणाड्याचा_नातू
आमचे आजोबा तांब्याच्या दोन सळया घेऊन चालायचे, सळया फिरल्या की खाली नळी. एवढा खर्च कशाला.

कोल्हापुरी_वायरमन
सळयांवर विसंबून पहार मारू नका. केबल लोकेटरसुद्धा धातू शोधतो, प्लॅस्टिकची नळी त्याला दिसत नाही. शेजारी तार पुरलेली असेल तरच लागते, नाहीतर जमिनीत बघणारं रडार लागतं.

हिरवी_ओंजळ
मंजिरीताई, खड्डा पायापासून लांब घ्या, तळाला मोठे दगड, मग खडी, वर जाड वाळू. गच्चीचंच पाणी सोडा, धुण्याचं नाही. पुणे मनपा पर्जन्यजल संधारण, सौर ऊर्जा, गांडूळखत यांसाठी मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते, कागद जपून ठेवा.

मंजिरी_अंगण
माणसं येऊन गेली. आधी गॅस मोजायचं यंत्र खड्ड्यात आणि आमच्या स्वयंपाकघरात फिरवलं, मग दोन्ही बाजूंनी नळी चिमट्यात चेपून गॅस बंद केला. खरवडलेला तुकडा कापला आणि दोन कपलरला वायरी लावून नवा तुकडा वितळवून जोडला. मागच्यांचा गॅस संध्याकाळी चालू झाला. कापलेला तुकडा मी हातात घेऊन बघितला, पहारीच्या टोकाने चांगलीच खाच पडली होती. वरून तर नुसता पांढरा ओरखडा दिसत होता. वाहिनीवाला दादा, तुमचे उपकार विसरणार नाही. आता खड्डा कुठे घेऊ? आणि बिल लावतील का?

वाहिनीवाला
बिलाचं कंपनीवर आहे, त्यांनी दिलेला कागद जपा. खड्ड्यासाठी त्यांच्याकडून लाइनीचा मार्ग चुन्याने आखून घ्या आणि दुसऱ्या कुंपणाकडे जा. तिथेही पहिले तीन फूट जेसीबी नको, पहारही नको. फावड्याने थर थर काढा. चेतावणीची पिवळी पट्टी किंवा बारीक वाळू लागली की थांबा आणि मला इथेच विचारा.