बरसीम दोन वाफ्यांत हिरवागार, बाकी सगळा पिवळा

प्रश्न
बरसीम (जनावरांचा हिरवा चारा) पेरून 52 दिवस झाले. 8 वाफ्यांपैकी विहिरीकडचे 2 गुडघ्याला लागतायत, बाकीचे 6 जेमतेम वीतभर. पानं पिवळी, खालची आधी. बी एकाच पोत्यातलं, पाणी एकाच दिवशी, माती तीच. गुळाच्या पाण्यात कालवून जिवाणूंचं पाकीटही बियांना चोळलं होतं. घरचे म्हणतात युरिया टाक. टाकू?

उत्तर 1
पाणी जास्त होत असणार. आठवडाभर ताण दे.

उत्तर 2
पाण्याने झालं असतं तर 2 वाफे सुटले नसते. युरियाची गोणी फोडण्याआधी कुदळ घे. एक हिरवं, एक पिवळं रोप ढेकळासकट खणून काढ. उपटू नकोस, मुळांवरच्या जिवाणूंच्या गाठी मातीतच राहतात. पाण्यात हलक्या हातानं धू आणि गाठ नखानं फोड. आत गुलाबी असेल तर ती हवेतला नत्र धरतेय. पांढरी असेल किंवा गाठच नसेल तर रोप उपाशी आहे. आणि हो, पाकिटावर पिकाचं नाव काय होतं?

प्रश्नकर्ता
खणलं. हिरव्याला मुळभर गुलाबी गाठी, पिवळ्याला एकही नाही. पाकीट उकिरड्यातून शोधलं, त्यावर लसूणघास लिहिलंय, म्हणजे दुसराच चारा! दुकानदार म्हणाला होता, घास तो घास. विहिरीकडच्या वाफ्यांत गेल्या वर्षी हौसेनं बरसीमच केला होता.

उत्तर 2
मग कोडं सुटलं. लसूणघासाचे जिवाणू बरसीमच्या मुळांत गाठी करत नाहीत, दोन्ही द्विदल असली तरी. विहिरीकडे गेल्या वर्षीचे जिवाणू मातीत तगून राहिले, तेवढंच. यंदा पिवळ्या वाफ्यांना थोडा युरिया द्यावाच लागेल, कापणी झाल्यावर, पाण्याआधी. पुढच्या पेरणीला बरसीमचंच पाकीट आण. नाही मिळालं तर विहिरीकडची वरच्या थरातली माती संध्याकाळी नव्या वाफ्यांत पसर आणि लगेच मिसळ, उन्हात जिवाणू मरतात.
हिरवे 2 वाफे मात्र आता कापायला घे. जमिनीपासून चार बोटं सोड, तिथूनच नवे फुटवे येतात. कोवळा बरसीम उपाशी पोटी घातला तर जनावराची डावी कूस फुगते. आधी कोरडी वैरण.

प्रश्नकर्ता
आज कापला. कोरडी वैरण आधी टाकली. म्हशीनं ती तोंडानं बाजूला सारली आणि खाली बरसीम आहे का ते बघत बसली.