१९६३ ची थंडी आणि एफए कप : या तारखा बरोबर आहेत का?

प्रश्न : १९६२-६३ चे निकाल चाळतोय. एफए कपची (इंग्लंडमधली फुटबॉल स्पर्धा) तिसरी फेरी जानेवारीत सुरू होऊन मार्चमध्ये संपलेली दिसते. छपाईची चूक?

उत्तर १ : अजिबात नाही. कडाक्याच्या थंडीमुळे ६६ दिवस चालली ती फेरी! लिंकन-कॉव्हेंट्री सामना १५ वेळा पुढे ढकलला. नॉर्विचने तर मैदानावर ज्वाळा सोडणारी यंत्रं फिरवली. बर्फ वितळला, पाणी परत गोठलं. हॅलिफॅक्सने मैदानच स्केटिंगसाठी लोकांना खुलं केलं. छोटा क्लब, सामने नाहीत तर पैसा येणार कुठून? मला या छोट्या क्लबांचंच फार वाईट वाटतं.

उत्तर २ : पूल्स (सामन्यांच्या निकालांवर लावायच्या पैजा) विसरू नका. २६ जानेवारीला माजी फुटबॉलपटू टॉम फिनींसारख्या जाणकारांचं पॅनल बसलं आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल पैजांसाठी ठरवले.

उत्तर ३ : १९४७ ची थंडी पण बघा. लीग १४ जूनपर्यंत लांबली होती.