शब्दचर्चा : मेंदूलहरींच्या नोंदीतील ‘आर्टिफॅक्ट’ला मराठीत काय म्हणावे?

रामदासपेठकर :
आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी मी मेंदूलहरी टिपणाऱ्या आणि त्यावरून बायोफीडबॅक देणाऱ्या, म्हणजे शरीराचाच संकेत माणसाला परत दाखवणाऱ्या, मुक्त सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका तयार करीत आहे. ओपनबीसीआय या कंपनीचा आठ वाहिन्यांचा (चॅनेलचा) सायटन बोर्ड, त्याच्या जोडीचे पडद्यावरचे सॉफ्टवेअर आणि फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतून आलेले ओपनव्हाइब, एवढाच तिचा आवाका आहे. गाडी ‘आर्टिफॅक्ट’पाशी, म्हणजे नोंदीत मिसळणाऱ्या मेंदूबाहेरच्या संकेतापाशी, अडली आहे. संगणकाकडून करून घेतलेल्या कच्च्या भाषांतरात ‘डोळ्यांची उघडझाप केल्यास नोंदीत पुरावस्तू आढळतात’ असे वाक्य आले आणि ते वाचून एका विद्यार्थिनीने, कपाळावरच्या इलेक्ट्रोडचा अजब बंगल्याशी (नागपूरच्या वस्तुसंग्रहालयाशी) काय संबंध, असे विचारले. मी तेथे ‘दोष’ लिहिले, परंतु दोष म्हटले की मुले थेट बोर्डावरचे सोल्डरिंग तपासू लागतात, अशी सहकाऱ्यांची तक्रार आहे. चालेल असा शब्द कृपया सुचवावा.

धंतोलीची तंत्रज्ञ :
सर, ‘दोष’ अजिबात नको. मी अनेक वर्षे ईईजीच्या, म्हणजे मेंदूलहरींच्या आलेखाच्या, खोलीत काम केले आहे. रुग्णाचे नातेवाईक दारातच उभे असतात आणि ‘दोष दिसतो आहे’ एवढे शब्द कानावर पडले तरी त्यांचा चेहरा उतरतो. आम्ही आपापसात आर्टिफॅक्टच म्हणतो आणि रुग्णाला फक्त ‘दात आवळू नका, कपाळ सैल सोडा’ असे सांगतो. कागदावर नोंद व्हायची तेव्हा कागद सेकंदाला ३० मिलिमीटर वेगाने सरकायचा आणि कोणी डोळा मिचकावला की कपाळाजवळच्या वाहिन्यांची पेने एकदम उसळी घ्यायची. त्याचे कारण असे की डोळा स्वतःच एक छोटी बॅटरी आहे. त्याची पुढची बाजू धन आणि मागचा पडदा ऋण असतो. मेंदूचा संकेत टाळूपर्यंत पोहोचेतो जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरतो, त्यामुळे पापणीची एक हालचाल त्याला सहज झाकून टाकते. यात बिघडलेले काहीच नाही, मग दोष कोणाचा म्हणायचा?

जुना मुद्रितशोधक :
ताईंशी सहमत आहे. आयुर्वेदाने व्याधींचे ‘निज’ आणि ‘आगंतु’ असे दोन प्रकार मानले आहेत. जे शरीराच्या आतून उद्भवते ते निज आणि बाहेरून येते ते आगंतु. त्या धर्तीवर ‘आगंतुक संकेत’ हा शब्द घ्यावा. बोलावले नसताना आलेला, असा त्याचा अर्थ कोणाही मराठी माणसाला सांगावा लागत नाही. डॉ. रघुवीर यांनी १९४६ नंतरची काही वर्षे याच नागपुरात बसून संस्कृत धातूंपासून हजारो पारिभाषिक शब्द घडवले, आणि आपण मात्र एका शब्दासाठी इंग्रजीच्या दारात उभे राहतो, याचे वाईट वाटते.

महालकर :
काका, रघुवीरांच्या नावावर लोक नेकटायसाठी ‘कंठलंगोट’ खपवून हसतात, ते कशामुळे, याचाही विचार व्हावा. शिवाय डोळा रुग्णाचाच आहे; तुमच्याच व्याख्येने तो ‘निज’ झाला. खरा आगंतुक एकच, तो म्हणजे भिंतीतल्या वायरिंगमधून येणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट. माझा ध्वनिक्षेपकांचा व्यवसाय आहे. आम्ही त्याला ‘हमिंग’ म्हणतो आणि अर्थिंग नीट केले की तो बराचसा जातो; तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच वारंवारिता गाळणारी सोय, असते. मला विचाराल तर सरळ ‘भेसळ’ म्हणा. आणि जाता जाता विचारतो, पुस्तिकेत ‘फीडबॅक’ तसाच ठेवणार आहात काय? आमच्याकडे मांडवात माईक किंचाळला की त्याला फीडबॅक म्हणतात.

रामदासपेठकर :
तेथे मी ‘जैव-पुनर्भरण’ योजले आहे.

काटोलकर :
पुनर्भरण? आमच्याकडे संत्र्याच्या बागेतल्या विहिरीचे पुनर्भरण करतात. पावसाचे पाणी गाळून आत सोडतात आणि खाली गेलेली पातळी वर आणतात. बायोफीडबॅकमध्ये कोणाच्या डोक्यात काही भरले जात नाही. माणसाच्याच शरीरातला संकेत त्याला आवाजाच्या किंवा चित्राच्या रूपाने दाखवतात, आणि तो पाहून त्याने स्वतःला सावरायचे असते. ‘पुनर्भरण’ वाचून माझे वडील विचारतील की नळी कोणत्या कानात घालायची.

प्रतापनगरची शिक्षिका :
अध्यापक विद्यालयात आम्ही फीडबॅकसाठी ‘प्रत्याभरण’ शिकलो आणि परीक्षेत तसे लिहून गुणही मिळवले. तो शब्द वर्गाबाहेर कोणी उच्चारल्याचे मात्र ऐकिवात नाही. ‘प्रतिसाद’ घ्यावा तर तो समोरच्या माणसाचा असतो, आणि येथे तर समोर आपणच आहोत.

जुना मुद्रितशोधक :
शब्द वर्गाबाहेर गेला नाही तो वापरणाऱ्यांच्या आळसामुळे, शब्दाच्या कमतरतेमुळे नव्हे. ‘महापौर’ हा सावरकरांचा शब्द आज नागपुरात कोणाला परका वाटतो? प्रत्येक नवा शब्द पहिली दहा वर्षे हास्यास्पदच असतो.

महालकर :
महापौर निवडून येतात, त्यांचे नाव रोज छापून येते, म्हणून तो शब्द रुळला. प्रत्याभरणाला कोणी मत देत नाही.

रामदासपेठकर :
मंडळी, मूळ शब्दाकडे यावे ही विनंती, कारण त्यावर बरेच अवलंबून आहे. न्यूरोफीडबॅकमध्ये, म्हणजे मेंदूलहरींवरच्या बायोफीडबॅकमध्ये, ठरावीक पट्ट्यातील लहरींनी, समजा ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फाने, नेमून दिलेली पातळी ओलांडली की सॉफ्टवेअर घंटी वाजवते किंवा चित्र उजळते, आणि या बक्षिसावरच सारे शिक्षण चालते. आता कोणी बीटा, म्हणजे अल्फापेक्षा जलद लहरी, वाढवण्याचा सराव करताना नकळत जबडा आवळला, तर स्नायूंचे संकेत त्याच पट्ट्यात मिसळतात आणि घंटी वाजत राहते. माणसाला वाटते की एकाग्रता वाढली, प्रत्यक्षात तो दात आवळायला शिकत असतो. डोळे मिचकावल्याने डेल्टा आणि थीटा या संथ लहरींचे पट्टे असेच फुगतात. त्यामुळे पुस्तिकेतील शब्द असा हवा की तो वाचल्याबरोबर मुलाने आधी स्वतःच्या जबड्याकडे लक्ष द्यावे.

काटोलकर :
मग ‘भेसळ’ बरा. दुधात पाणी असले तरी पाणी काही खोटे नसते, ते नको तेथे असते एवढेच.

वर्धा रोडवरचा प्रोग्रामर :
मला ‘आर्टिफॅक्ट’ची अडचण वाटत नाही, ‘मुक्त सॉफ्टवेअर’मधल्या ‘मुक्त’ची वाटते. ‘मुक्त सॉफ्टवेअर’ वाचून लोक ‘फुकट’ असे समजतात आणि मग बोर्डाची किंमत ऐकून फसवणूक झाल्यासारखे बोलतात. या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांच्या व्याख्येत वापरण्याचे, अभ्यासण्याचे, वाटण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य येते; दाम येत नाही. ईईजीच्या नोंदी तपासणाऱ्या ईईजीलॅबचे उदाहरण घ्या. तिचा कोड खुला आहे, परंतु ती मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या आधारावर चालते आणि मॅटलॅबचा परवाना विकत घ्यावा लागतो. उलट त्याच कामाचे एमएनई-पायथन आणि त्याखालची पायथन ही संगणकभाषा दोन्ही खुली आहेत. हा फरक ‘मुक्त’मध्ये दिसत नाही, म्हणून ‘खुले’ लिहावे.

प्रतापनगरची शिक्षिका :
मुक्त विद्यापीठात शुल्क भरूनच प्रवेश मिळतो, तरीही त्याला कोणी फुकट विद्यापीठ म्हणत नाही. मराठी वाचकाला एवढे कळते. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘तंटामुक्त गाव’, ‘कर्जमुक्त शेतकरी’ यांत मुक्त शेवटी आला की अर्थ ‘विरहित’ असा होतो. तेव्हा ‘ओपन सोर्स’साठी कोणी ‘स्रोतमुक्त’ लिहू नये, एवढे पुस्तिकेत पाहावे.

जुना मुद्रितशोधक :
आणि लिहायचेच झाले तर ‘स्रोत’ लिहावे, ‘स्त्रोत’ नव्हे. ‘स्रु’ म्हणजे वाहणे या धातूपासून तो आला आहे, त्यात त चे काही काम नाही. ही चूक सरकारी फलकांवरही दिसते.

धंतोलीची तंत्रज्ञ :
‘भेसळ’बद्दल एक शंका मांडते. आमच्या शेजारच्या खोलीत ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, होते; तेथे स्नायूंचा हाच संकेत मुद्दाम टिपतात. मान आणि कपाळ सैल करायला शिकवणाऱ्या बायोफीडबॅकमध्येही तोच लागतो. झोपेच्या तपासणीत तर डोळ्यांच्या हालचालीसाठी वेगळे इलेक्ट्रोड लावतात, कारण स्वप्नांची झोप त्यावरूनही ओळखली जाते. या खोलीतली भेसळ त्या खोलीत शुद्ध दूध ठरते. सरांचा बोर्डही मेंदू, हृदय आणि स्नायू या तिघांचे संकेत त्याच वाहिन्यांवर घेतो. मग एकाच पुस्तिकेत पान उलटल्यावर शब्द बदलायचा काय?

जुना मुद्रितशोधक :
म्हणूनच ‘आगंतुक’ योग्य आहे. पाहुणा एका घरात आगंतुक असतो, स्वतःच्या घरात नसतो.

महालकर :
काका, तुमचा हा मुद्दा पटला, तरी पडद्यावरच्या बटणावर ‘आगंतुक संकेत वगळा’ एवढे मोठे वाक्य मावणार नाही. ‘भेसळ काढा’ मावते.

वर्धा रोडवरचा प्रोग्रामर :
बटणाची रुंदी बदलता येते. कोड खुला आहे.

रामदासपेठकर :
तूर्त कच्च्या प्रतीत पहिल्या उल्लेखाला ‘आर्टिफॅक्ट, म्हणजे मेंदूखेरीज इतर ठिकाणाहून आलेला संकेत’ असे लिहून पुढे नुसते ‘आर्टिफॅक्ट’ ठेवतो. बटणाचा निर्णय विद्यार्थ्यांशी बोलून घेईन. बायोफीडबॅकसाठीच्या ‘जैव-पुनर्भरण’लाही अजून हात लावलेला नाही.

काटोलकर :
आता एवढे कोणी सांगावे, ईईजी काढला, काढली की काढले? आमच्या घरी तिन्ही चालतात.

प्रतापनगरची शिक्षिका :
आलेख पुल्लिंगी आहे, म्हणून ‘काढला’.

धंतोलीची तंत्रज्ञ :
आमच्या नोंदवहीत मात्र ‘ईईजी केली’ असे लिहितात, कारण तपासणी स्त्रीलिंगी आहे.