मदत हवी आहे: धाराशिव-बीडमध्ये स्त्रियांच्या कर्करोगाचा दर देशात सर्वांत कमी, हा आकडा गावातल्या सभेत कसा मांडावा?

सर्वांना नमस्कार. माझे माहेर धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात आहे आणि गेली वीस वर्षे मी पुण्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. माहेरच्या गावातील बचत गटांनी येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला स्त्रियांच्या कर्करोगाविषयी बोलायला सांगितले आहे. विषय भूगोलाच्या अंगाने मांडावा, कोणत्या प्रदेशात कोणता कर्करोग अधिक आढळतो हे नकाशावर दाखवावे, असे मनात होते. त्यासाठी राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या काळातील आकडेवारीचा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल वाचायला घेतला आणि पहिल्याच तक्त्यापाशी अडले.

त्या अहवालानुसार नोंदणी असलेल्या प्रदेशांपैकी स्त्रियांमध्ये कर्करोगाचा सर्वाधिक दर अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे जिल्ह्यात आहे. तेथे दर लाख स्त्रियांमागे वर्षाला २१९.८ नवे रुग्ण आढळतात. सर्वांत कमी दर उस्मानाबाद (म्हणजे आताचे धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांचा, म्हणजे आमच्याच भागाचा, ४९.४ इतका आहे. एकाच देशातील दोन प्रदेशांत चौपटीहून अधिक फरक आहे. मी हे फोनवर भावाला सांगितले, भावाने पारावर सांगितले, आणि आता ग्रामपंचायतीत अशी चर्चा चालली आहे की ‘शुद्ध हवा, घरचे अन्न, देशात सर्वांत कमी कर्करोग’ असा फलक वेशीवर लावावा. लोकांचा आनंद मला समजतो, कारण दुष्काळ आणि आत्महत्या याखेरीज आमच्या जिल्ह्याचे नाव सहसा कोणी घेत नाही.

परंतु आमच्या एका आळीतच गेल्या सात वर्षांत तीन स्त्रियांना कर्करोग झाला, आणि तिघींचाही गर्भपिशवीच्या तोंडाचा. त्यांतली एक माझी सख्खी मावशी. पाळी जाऊन चार वर्षे झाल्यावर तिच्या पुन्हा अंगावर जाऊ लागले. सुनेला दिसू नये म्हणून ती धुतलेले कापड गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड वाळत घालत असे. आठ महिन्यांत ती दोनदा एका खासगी दवाखान्यात गेली आणि दोन्ही वेळा आतून तपासणी न होताच रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन परत आली. निदान झाले तेव्हा रोग तिसऱ्या टप्प्यात होता. मावशी आज नाही. तिच्या घरावरून जाताना तो फलक दिसणार असेल, तर मला ते सहन होणार नाही.

जाणकारांकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा ४९.४ आकडा नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही? दर इतका कमी असताना एका आळीत तीन रुग्ण कसे, की आमच्या पाण्यातच काही दोष आहे? आणि जेमतेम अर्ध्या तासात गावातील स्त्रियांना यातले काय सांगावे?

प्रतिसाद: सांख्यिकीचा विद्यार्थी

ताई, तुमच्या मावशींविषयी वाचून वाईट वाटले. आधी आकड्याविषयी सांगतो.

४९.४ हा वयानुसार समायोजित केलेला दर आहे. कर्करोग प्रामुख्याने उतारवयातला रोग असल्याने ज्या गावातील तरुण माणसे पुण्या-मुंबईला गेली आणि म्हातारी मागे राहिली, तेथे नुसते रुग्ण मोजले तर दर फुगलेला दिसतो. म्हणून प्रत्येक प्रदेशातील वयोगटनिहाय दर एकाच प्रमाणित लोकसंख्येवर लावून मग तुलना करतात. त्यामुळे पापुमपारे आणि उस्मानाबाद यांची तुलना करणे चूक नाही, आणि दोन्हींतला फरक केवळ वयोरचनेमुळे दिसतो असेही नाही.

मात्र हा दर सर्व अवयवांच्या कर्करोगांची बेरीज आहे, आणि घोटाळा होतो तो या बेरजेमुळे. स्तनाच्या कर्करोगाचा सर्वाधिक दर याच अहवालात हैदराबादचा आहे, लाखामागे ४८.०. म्हणजे हैदराबादेतील एकट्या स्तनाच्या कर्करोगाचा दर तुमच्या भागातील सर्व कर्करोगांच्या बेरजेजवळ पोहोचतो. शहरातील स्त्रियांची लग्ने उशिरा होतात, पहिले मूल तिशीच्या आसपास होते, मुले कमी असतात, अंगावर पाजण्याचा एकूण काळ कमी भरतो आणि वजन वाढलेले असते. या सर्वांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ग्रामीण मराठवाड्यात ही कारणे कमी असल्याने बेरीज कमी येते. त्यात हवेच्या शुद्धतेचा वाटा असल्याचे या तक्त्यावरून सिद्ध होत नाही.

आता आळीतील तीन रुग्णांविषयी. तुमच्या गावाची वस्ती दोन हजार धरली, तर त्यात सुमारे एक हजार स्त्रिया. लाखामागे ४९.४ म्हणजे हजारामागे ढोबळ मानाने वर्षाला अर्धा रुग्ण, सात वर्षांत तीन ते चार. एवढ्या लहान संख्येत एखाद्या आळीत तिन्ही रुग्ण निघणे आणि शेजारच्या दोन आळ्यांत एकही नसणे हे योगायोगानेही घडते. शिवाय गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा, कर्करोग जवळजवळ सर्व प्रकरणांत एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो, पाण्यातून होत नाही. पाण्याची तपासणी इतर कारणांसाठी अवश्य करून घ्यावी, पण या तीन रुग्णांचे उत्तर त्यात सापडेल असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. नोंदणीत तीच स्त्री येते जिचे निदान झाले आहे. जी निदानाविना घरीच वारली, तिची नोंद होणे अवघड असते. ग्रामीण भागाच्या कमी दरात हा अंश किती, हे तक्ता सांगत नाही.

प्रतिसाद: मुंबईकर वाचक

वरील प्रतिसादाला जोडून थोडेसे. प्रदेश म्हटला की आपण हवा-पाणी डोळ्यांसमोर आणतो, पण मुंबईची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे आणि तिने फार पूर्वीच दाखवून दिले की याच शहरात राहणाऱ्या पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी आढळतो. हवा तीच, पाणी तेच, पण लग्नाचे वय, मुलांची संख्या आणि आनुवंशिकता वेगळी. याच्या उलट, गंगेच्या खोऱ्यात आणि आसामात स्त्रियांमध्ये पित्ताशयाचा कर्करोग आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी अधिक दिसतो, आणि मिझोरममधील ऐझॉल येथे स्त्रियांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय आहे, कारण तेथील स्त्रियांमध्ये तंबाखू ओढण्याची चाल जुनी आहे. आपल्या गावांतील मशेरीचाही विचार तुम्ही याच रांगेत करावा. दात घासायचे निमित्त करून सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावलेली भाजलेली तंबाखू ही तंबाखूच असते, हे अनेक स्त्रियांना कोणी स्पष्टपणे सांगितलेलेच नसते.

प्रतिसाद: निवृत्त आरोग्यसेविका

ताई, मी सोलापूर आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या सीमेवर अठ्ठावीस वर्षे उपकेंद्रांवर काम केले, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते.

आपला भाग कर्करोगाच्या अभ्यासात नवखा नाही. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली आणि तिच्यात बार्शी, परांडा व भूम हे तीन तालुके घेतले होते. खेड्यात माणसे आपण होऊन रुग्णालयात येत नाहीत, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बैठका घेत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित स्त्रियांना बार्शीला तपासणीसाठी पाठवत. त्या काळी त्या तीन तालुक्यांतील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचाच होता. या बैठकांमुळे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. नुसते सांगितल्याने एवढा फरक पडतो, हे तुमच्या सभेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

त्याहून मोठे काम तुमच्याच जिल्ह्यात झाले आहे. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा चार गटांत अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्ही चाचणी फक्त एकदा उपलब्ध करून दिली, त्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी आठ वर्षांत ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. ज्या गटात नेहमीच्या सेवेपलीकडे चाचणी नव्हती, तेथे ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ दगावल्या. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या शेवटच्या गटाला चाचणी का दिली नाही, यावरून पुढे नैतिकतेचे प्रश्न उपस्थित झाले आणि ते योग्यच होते असे माझे मत आहे. परंतु एका चाचणीने किती जीव वाचतात हे जगाने ज्या जिल्ह्यातील बायकांमुळे ओळखले, त्याच जिल्ह्यातील बायकांना ते अजून ठाऊक नाही, ही गोष्ट मला अधिक लागते.

आता कमी दराविषयी एक गोष्ट, जी तक्त्यात दिसत नाही. बीड आणि आसपासच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये पिशवी काढून टाकण्याचे प्रमाण किती आहे, हे २०१९ मधील शासकीय पाहणीत पुढे आले. पाहणीतील ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत खाडा पडला की कोयत्याची मजुरी कापली जाते, मुकादमाची उचल फिटत नाही, आणि पांढरे जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. पिशवी तोंडासकट काढलेल्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग होत नाही, पण लोकसंख्येत ती मोजली जातेच. त्यामुळे दर थोडा खाली येत असेल, तर त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. म्हणूनच सभेत कर्करोगाची नुसती भीती घालू नका. तपासणीला या असे सांगताना, तपासणी म्हणजे पिशवी काढणे नव्हे, हेही त्याच वाक्यात सांगा.

माझ्या अनुभवावरून सांगते, ‘गर्भाशयमुख’ हा शब्द सभेत वापरू नका, ‘पिशवीचे तोंड’ म्हणा. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे, यांपैकी काहीही असेल तर गोळ्या न घेता आतून तपासणी करून मागायची, एवढे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. तीस वर्षांपुढील स्त्रियांसाठी पिशवीच्या तोंडाला सौम्य व्हिनेगरसारखे द्रावण लावून पाहण्याची तपासणी, स्तनांची तपासणी आणि तोंडाची तपासणी या तिन्ही गोष्टी सरकारी कार्यक्रमात आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मात्र गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया देशात शंभरात दोनदेखील भरल्या नाहीत. आशाताईंना आधी भेटून तुमच्या उपकेंद्रावर ही तपासणी नेमकी कोणत्या वारी होते ते विचारून घ्या, आणि सभा त्याच्या आदल्या दिवशी ठेवा. बाई ऐकून घरी गेली की आठवड्यात विसरते, दुसऱ्या दिवशीच जायचे असेल तर शेजारणीबरोबर जाते.

शेवटचे. संक्रांतीला सभा घेऊ नका. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. हळदीकुंकवाला तुमच्यासमोर बसतील त्या ऊस तोडायला न गेलेल्या घरच्या बायका असतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या वर्षांत सुट्टीत माहेरी जाणारी मी, संक्रांतीला अर्धे गाव गावात नसते हे माझ्या लक्षात आले नाही याचे मला फार वाईट वाटते.

काल भावाशी आणि सरपंचताईंशी बोलले. फलकाचा विचार मागे पडला आहे. अंगावर जाण्याच्या तीन लक्षणांचा आणि उपकेंद्राच्या तपासणीच्या वाराचा फलक लावावा असे मी सुचवले. त्यावर पुरुषांच्या नजरेसमोर वेशीवर असे कसे लिहायचे, असा प्रश्न आला, म्हणून तो अंगणवाडीच्या आतल्या भिंतीवर आणि पिठाच्या गिरणीत, जेथे बायका डबा घेऊन थांबतात तेथे लावायचे ठरले. सभा घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात घेण्याचे बचत गटांनी मान्य केले आहे. भारताचा नकाशा मी नेणार आहेच, पण त्यावर जिल्ह्यांचे दर लिहिणार नाही. फक्त कोणत्या भागातील बायकांनी कोणत्या कर्करोगाकडे आधी लक्ष द्यावे एवढेच दाखवीन.

आरोग्यसेविका ताई, आणखी एका बाबतीत तुमचे मार्गदर्शन हवे आहे. आमच्या उपकेंद्रावर तपासणी करणाऱ्या परिचारिकेची जागा सध्या रिकामी आहे असे आशाताई सांगतात. सभेच्या दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस बायकांना तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे झाल्यास आधी कोणाला लेखी कळवावे लागते, आणि एका दिवसात साधारण किती जणींची तपासणी नीट होऊ शकते?